गोल्डन बॅरल लावताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की मला फोटो यायला लागतात. कुंडीत गोल्डन बॅरल, म्हणजे पिवळ्या काट्यांचा गोल निवडुंग, आणि खाली प्रश्न: "ताई, हा बुडाशी तपकिरी का पडलाय?"

पाणी घातलंत म्हणून.

हा निवडुंग मूळचा मेक्सिकोतल्या केरेतारो-हिदाल्गो भागातल्या खडकाळ उतारांवरचा. तिथली त्याची बरीचशी जागा सिमापान धरणाच्या पाण्याखाली गेली. तिकडे धरणाने बुडवला, इकडे आपण मगाने बुडवतो.

मीही बुडवलाय. लिंबाएवढा आणला होता, आठ वर्षांत नारळाएवढा झाला. नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच ठेवून मी तो मोठ्या कुंडीत बसवला होता आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी नको म्हणून खाली बशी. जुलैत पुण्यात आठवडाभर झड लागली. माती वरून कोरडी दिसत होती, म्हणून मी उलट थोडं पाणीच घातलं! पंधरा दिवसांनी कुंडी बदलायला वर्तमानपत्राचा पट्टा गुंडाळून गोळा उचलला, तर झाकण निघावं तसा अलगद हातात आला. मुळं कुंडीतच राहिली. बूड पिकून सडलेल्या पपईसारखं, वासही तसाच. सुरीने चकत्या कापत गेले. प्रत्येक चकतीत मधोमध तपकिरी ठिपका. शेवटी हातात करवंटीएवढा तुकडा उरला, तोही जगला नाही.

तेव्हापासून बशी बंद. कोकोपीट मुळांवरून पार झाडून टाकते. दोन वाट्या बारीक खडी, एक वाटी विटांचा चुरा, एक वाटी माती आणि जुनं शेणखत, आणि कुंडी मातीचीच. पाणी द्यायच्या आधी विझलेल्या अगरबत्तीची काडी खोल खुपसून बघते. ओल लागली तर पाण्याचा मग तसाच ठेवून द्यायचा. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली. पुस्तकात काय लिहिलंय ते मला सांगू नका.

दुसरी चूक उन्हाची. हिरव्या जाळीखालचं रोप आणून थेट मे महिन्याच्या गच्चीत ठेवू नका. पांढरट चट्टा पडतो आणि तो कायमचा राहतो. तीन आठवडे हळूहळू ऊन वाढवा. उलट टोक म्हणजे टीव्हीशेजारी ठेवणं: डोकं निमुळतं होतं, नवे काटे बारीक येतात. पुढे भरपूर ऊन दिलं तरी ती मान तशीच राहते.

"लवकर मोठा व्हायला काय घालू?" काही नाही. घाई असेल तर झेंडू लावा, दोन-तीन महिन्यांत फुलं मिळतील. याला फुलं यायला बरीच वर्षं लागतात. मुठीएवढ्या गोळ्यावर लाल फूल दिसलं तर ओढून बघा, बहुतेक वेळा गोंदाने चिकटवलेलं निघतं.

शेंड्यावरची लोकर पांढरी बुरशी समजून खरवडू नका. ती त्याचीच आहे. कापसासारखे पुंजके मुळांवर दिसले तर मात्र ती कीड, पिठ्या ढेकूण.

बारीक काटा बोटात गेला तर सेलोटेप चिकटवून ओढा. मोठ्याला चिमटाच लागतो.