मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक अंतराची नसून तारखेची असते. मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. माझ्या काका-काकूंच्या तिकिटावर ‘१५ जानेवारी, ०१:३०’ असे स्वच्छ छापलेले होते. तरीही १५ तारखेला दुपारचे जेवण उरकून ते साताऱ्याहून निघाले आणि रात्री दहाला विमानतळाच्या दारात तिकीट दाखवल्यावर त्यांना कळले की, विमान त्याच दिवशी पहाटे गेले. मध्यरात्र ते पहाटे चार या दरम्यानची वेळ असेल, तर घर आदल्या दिवशी सोडायचे आहे, हे कॅलेंडरवर आदल्या तारखेच्या चौकटीतच लिहून ठेवावे.

दुसरी चूक वजाबाकीची. समजा, हिवाळ्यात मुंबईहून १:३० ला निघालेले विमान त्याच तारखेला सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला उतरते. हा सहा तासांचा प्रवास नव्हे. दोन्ही घड्याळांतील साडेदहा तासांचा फरक मिळवला की खरे साडेसोळा तास होतात. परतीच्या प्रवासात हाच फरक वजा करावा लागतो. तिथून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबईत पोहोचणारे विमान पंचवीस नव्हे, तर साडेचौदा तास उडते. शिवाय मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथले घड्याळ एक तास पुढे असल्याने फरक साडेनऊ तासांवर येतो.

जाताना दोन तास जास्त का लागतात, याचे मुख्य कारण म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. म्हणूनच १२,५४० किलोमीटरला ताशी ९०० ने भागून ‘चौदा तास’ असे उत्तर काढणे फसवे ठरते. त्यातच २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद झाले, तेव्हा अनेक मार्गांना वळसे पडले.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणेही चुकीचे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर ही सरळ रेषा अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते; त्या रेषेने उडाल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा : तो उत्तरेकडे चढत नॉर्वे आणि आइसलँड यांच्यामधल्या समुद्रावरून जातो आणि हाच मार्ग सर्वांत जवळचा असतो.

दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढते, परंतु विमान बदलण्यासाठीचा थांबा कित्येक तासांचा असू शकतो. त्यामुळे तिकीट निवडताना किलोमीटर बाजूला ठेवून ‘एकूण प्रवास कालावधी’ हाच रकाना पाहावा. न्यायला येणाऱ्यांना मात्र न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे उतरण्याची वेळ, तारखेसह, कळवावी.