पिकअप झालं म्हणजे सुटलो, असं समजू नका: ओएचएसएस आणि गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

आमचं आयव्हीएफ चालू होतं. मला पीसीओडी, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी) 8 च्या वर, म्हणजे इंजेक्शनं सुरू झाली की अंडी भरपूर येणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत नव्हतं. पिकअपला, म्हणजे ओव्हरीतून अंडी बाहेर काढतात त्या दिवशी, 27 अंडी निघाली. अहोंनी पार्किंगमधूनच आईंना फोन लावला, "सत्तावीस!", मॅचचा स्कोअर सांगतात तसा. चौथ्या दिवशी सकाळी मला सलवारची नाडी बांधता येईना. हेच ते ओएचएसएस, म्हणजे इंजेक्शनांनी ओव्हरी प्रमाणाबाहेर फुगणं आणि पोटात पाणी होणं.

पहिली चूक हीच, आकड्यावर खूश होणं. वेटिंगमध्ये बसल्यावर बायका एकमेकींना पहिला प्रश्न हाच विचारतात, तुझी किती निघाली? आणि चार सांगणारीचं तोंड पडतं. अगं, जास्त अंडी म्हणजे तेवढीच फुगलेली ओव्हरी. 2021 च्या एआरटी कायद्याने एग डोनरकडून 7 पेक्षा जास्त अंडी काढायला मनाईच केलीय, ती उगाच नाही.

होतं काय, तर शेवटचं ट्रिगरचं (पिकअपच्या आधी अंडी पिकवणारं) इंजेक्शन जर एचसीजीचं, म्हणजे प्रेग्नन्सीत तयार होतं त्या हार्मोनचं, असेल तर ते अंगात आठवडाभर तरी रेंगाळतं, आणि त्यामुळे ओव्हरीतून व्हीईजीएफ नावाचा पदार्थ खूप सुटतो, रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात जमा होतं आणि इकडे रक्त घट्ट होत जातं. म्हणून पोट टम्म, तोंडाला कोरड, लघवी कमी, असं सगळं एकदम.

आता गोळ्या. मला ट्रिगरच्या दिवसापासून कॅबरगोलिन 0.5 रोज एक, आठ दिवस, अशी दिली होती. ही गोळी त्या व्हीईजीएफला आडवी येते. गोंधळ असा की ही गोळी लोकांना माहितीय ती वाढलेल्या प्रोलॅक्टिनसाठी (दूध आणणारं हार्मोन), नाहीतर अंगावरचं दूध बंद करायला. केमिस्टने स्ट्रिप देताना आईंसमोरच विचारलं, "डिलिव्हरी कधी झाली?" आईंचा चेहरा बघायचा होता! घरी येऊन म्हणतात, अजून बाळाचा पत्ता नाही आणि दूध बंद करायची गोळी कशाला खातेस. वर अहोंनी गुगल करून सांगितलं की तुझं प्रोलॅक्टिन तर नॉर्मल आहे, मग नको घेऊस. आणि मी दोन दिवस घेतली नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक, आणि ती करणाऱ्या पुढे मला अजून दोघी भेटल्या. दुसरा प्रकार म्हणजे प्रोलॅक्टिनसाठी ती आठवड्यातून एकदा-दोनदा असते, मग कुणी मैत्रीण सांगते रोज कशाला, मी तर रविवार-बुधवार घ्यायचे. तिचा आजार वेगळा, तुझा वेगळा, चिठ्ठीत रोज असेल तर रोजच.

या गोळीने गरगरतं, मळमळतं, बीपी खाली जातं. सकाळी उपाशीपोटी घेऊन लगेच ऑफिसला पळालात तर लिफ्टमध्येच खाली बसाल. रात्री जेवणावर घ्या आणि सकाळी पलंगावरून झटकन उठू नका. उलटीत गोळी पडली किंवा एखादा दिवस चुकला तर मनाने डबल घेऊ नका, सेंटरच्या सिस्टरला फोन करा. हार्टच्या व्हॉल्व्हचा किंवा लिव्हरचा त्रास असेल, बीपी ताब्यात नसेल, तर गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगायचं.

आणि हे नीट वाचा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मळमळलं की आपल्याकडे घरोघरी एक कॅप्सूल असते, पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडॉनची, चहाच्या आधी घ्यायची. ते डॉमपेरिडॉन आणि उलटीचं मेटोक्लोप्रामाइड ही दोन्ही औषधं कॅबरगोलिनच्या बरोबर उलटं काम करतात. म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने ती पुसायची. उलटीसाठी दुसरी औषधं आहेत, डॉक्टरांना विचारून घ्या, ड्रॉवर उघडू नका. पोट दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको, किडनीवर आधीच ताण असतो, पॅरासिटामॉल चालते. आणि पोटात पाणी झालंय ना, मग लघवी व्हायची गोळी देऊन टाका, असा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. रक्त आधीच घट्ट, त्यातलं पाणी आणखी काढून काय करणार?

पण खरं सांगायचं तर कॅबरगोलिन ही शेवटची फळी आहे, ती घेतली म्हणजे गॅरंटी असं काही नसतं. अर्धं काम आयव्हीएफची सायकल सुरू व्हायच्या आधी ठरतं आणि तिथे मी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. पीसीओडी असेल तर विचारा की माझा अँटागोनिस्ट प्रोटोकॉल (इंजेक्शनं द्यायची एक पद्धत) आहे का, कारण त्यात एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा ट्रिगर देता येतो, त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि ओएचएसएसचा धोका खूपच कमी होतो. माझा लाँग प्रोटोकॉल, म्हणजे दुसरी पद्धत, होता, त्यात तो ट्रिगर चालतच नाही. दुसरं विचारायचं की गरज पडली तर सगळे एम्ब्रियो (तयार झालेले गर्भ) फ्रीझ करणार का. फ्रीझ म्हटलं की घरच्यांचा मूड जातो, "मग यावेळी ट्रान्सफर नाही?" पण त्याच वेळी ट्रान्सफर करून, म्हणजे गर्भ पोटात सोडून, प्रेग्नन्सी राहिली तर तिचं स्वतःचं एचसीजी वाढत जातं आणि ओसरत आलेला त्रास पुन्हा उसळतो, तो जास्त दिवस टिकतो. पीसीओडीवाल्यांना मेटफॉर्मिन ही शुगरची गोळीही देतात, त्याचा फायदा मुख्यतः लाँग प्रोटोकॉलमध्ये दिसलाय, तेव्हा मला शुगर नाही म्हणून ती परस्पर बंद करू नका.

पिकअपनंतरचे दहा दिवस रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, वजन करा आणि शिवणाची टेप बेंबीवरून फिरवून घेर लिहून ठेवा. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या बाजूलाच लिहायचे. दिवसात किलोभर वजन वाढलं तर वाट बघत बसायचं नाही. लघवी मोजायला लिटरची बाटली कापून खुणा केल्या, ऐकायला कसंतरी वाटतं पण दिवसभरात अर्धा लिटरही होत नाहीये हे त्यामुळेच कळलं. तहानेप्रमाणे पीत राहा, नुसतं पाणीच नको, ओआरएस, मीठ घातलेलं ताक, शहाळं. पोट फुगलंय म्हणून पाणी तोडणं चूक. सतत झोपून राहणंही चूक, पायात गुठळी होऊ शकते, घरातल्या घरात फिरा. मात्र जिम, उड्या, संबंध बंद, फुगलेली ओव्हरी पीळ खाऊ शकते. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली तर ते तेच असू शकतं, लगेच निघा.

दम लागणं, उलट्या न थांबणं, लघवी जवळजवळ बंद होणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही. मी तेव्हा माहेरी होते, जवळच्या हॉस्पिटलमध्ये गेलो, तिथल्या डॉक्टरांनी पोट बघून गॅसचं इंजेक्शन काढलंच होतं. आईने पिशवीतून फाईल काढली, ट्रिगरची तारीख, कुठलं इंजेक्शन, किती अंडी, सगळं पहिल्याच पानावर. ते वाचून त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि आधी सोनोग्राफीवाल्याला बोलावलं.