अंध कुत्रा घरी आणताना: खान्देशातील घरांसाठी काही सूचना

भुरी आमच्याकडे आली तेव्हा कपाशीची शेवटची वेचणी चालू होती आणि पुढच्या खोलीत कमरेइतका कापूस भरलेला होता. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. समोरच्या ओट्यावरून एका आजींनी अहिराणीत विचारले, “आंधयं कुत्रं पायीसन काय करशी, भाऊ?” म्हणजे आंधळे कुत्रे पाळून काय करशील? प्रश्न रास्त होता. अंध कुत्रा नाक, कान आणि पावले यांच्या आधारे घर पाठ करतो आणि एकदा पाठ झाले की निर्धास्तपणे वावरतो, एवढे मी वाचलेले होते. परंतु आपल्याकडचे शेतकऱ्याचे घर बाराही महिने एकसारखे राहत नाही, ही गोष्ट त्या वाचनात कुठेच आलेली नव्हती. पुढील सूचना प्रामुख्याने याच अडचणीला धरून लिहिल्या आहेत.

आणण्यापूर्वी

गल्लीतला कुत्रा भिंतीला धडकतो म्हणून तो पूर्ण अंध आहे असे लगेच धरू नये. साधी चाचणी घरच्या घरी करता येते आणि तिला लागणारे साहित्य आपल्याकडे कुठेही पडलेले असते. कापसाचा लहानसा बोळा कुत्र्याच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर वरून खाली सोडावा. पडणाऱ्या कापसाचा आवाज होत नाही, त्यामुळे कुत्र्याची नजर किंवा मान त्यामागे गेली तर त्याला काही प्रमाणात तरी दिसते. डोळ्यांसमोर जोरात हात हलवून पाहण्याची पद्धत मात्र फसवी आहे, कारण हातामुळे हललेली हवा त्याला जाणवते आणि तो डोळे मिटतो. कापसाची चाचणी एकदा दिवसा आणि एकदा तिन्हीसांजेला करावी. दिवसा ठीक आणि अंधारात चाचपडत चालणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टिपटलाचा आनुवंशिक ऱ्हास सुरू झालेला असू शकतो. लॅब्रॅडॉर आणि कॉकर स्पॅनियल या जातींत हा विकार आढळतो. उलट सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याच्या डोळ्यांत दिसणारी निळसर झाक अनेकदा केवळ वयाने घट्ट झालेल्या भिंगाची असते आणि तिच्यामुळे आंधळेपण येत नाही.

दृष्टी का गेली, हे पशुवैद्यकांकडून समजून घेतल्याशिवाय कुत्रा घरी आणू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण कळले की पुढचा खर्च आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेदना कळतात. मोतीबिंदू मधुमेहातून आलेला असेल, तर नुसत्या डोळ्यांकडे पाहून भागत नाही, रोज इन्सुलिन द्यावे लागते. कुत्र्यांच्या अंगावरील तपकिरी गोचिडीतून पसरणाऱ्या तापात डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यासाठी रक्ततपासणी आवश्यक असते. सर्वांत दुर्लक्षित विकार काचबिंदूचा आहे. डोळ्यातील दाब वाढतो, डोळा लाल आणि मोठा दिसू लागतो आणि कुत्रा डोके भिंतीला किंवा जमिनीला टेकवून बसतो. तो ओरडत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असे घरची माणसे समजतात. अशा वेळी काही तासांचा उशीरही दृष्टी घालवू शकतो. दृष्टी आधीच गेलेली असेल आणि औषधाने दाब उतरत नसेल, तर डोळा काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, परंतु शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात मरगळलेला कुत्रा पुन्हा शेपूट हलवू लागलेला मी पाहिला आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक तपासणी होते. भिंगाच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र बहुधा मुंबई-पुण्याचा रस्ता धरावा लागतो. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कुत्रा रस्त्यावरचा असेल तर रेबीजची लस पहिल्याच भेटीत टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी न चुकता द्यावी. अंध कुत्रा रागाने नव्हे तर दचकून चावतो. तरीही दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे. हळद, चुना किंवा मिरची लावू नये. आणखी एक गोष्ट आधीच घरात बोलून घ्यावी. झेपत नाही म्हणून पाळलेला प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि अंध कुत्र्याच्या बाबतीत तर ते त्याला मारून टाकण्यासारखेच आहे.

पहिले पंधरा दिवस

सुरुवातीला एकच खोली द्यावी. पाण्याचे भांडे जड, पसरट आणि सहज न सरकणारे असावे. आम्ही गुरांसाठी वापरात असलेली एक लहान दगडी डोणी ठेवली. त्या डोणीची जागा हीच कुत्र्याची खूणगाठ समजावी. तो कुठेही गोंधळला, तर त्याला डोणीपाशी आणून सोडावे, म्हणजे तिथून पुढचा नकाशा त्याला पुन्हा जुळवता येतो. कीव येऊन त्याला उचलून फिरवण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा, कारण उचललेला कुत्रा खाली ठेवल्यावर आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक नसते.

दाराशी, पायरीच्या आधी आणि चुलीच्या वाटेवर पायांना निराळे लागेल असे काहीतरी अंथरावे. गोणपाट उत्तम. उंबरठ्याला एक गोणपाट, जिन्याच्या तोंडाशी घोंगडीचा तुकडा, असे भेद आठवड्याभरात त्याच्या पावलांना कळतात. काही जण प्रत्येक दाराला वेगवेगळी अत्तरे लावण्यास सांगतात. मला ते पटत नाही. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा ते तीस कोटी. आपल्याला मंद वाटणारा वास त्याच्या डोक्यात दिवसभर घुमत राहतो. डांबराच्या गोळ्या तर विषारीच असतात, त्या खुणेसाठी कधीही वापरू नयेत.

शब्दांच्या बाबतीत घरात एकमत हवे. आमच्याकडे आई अहिराणी बोलते, मुले शाळेची मराठी बोलतात आणि रावेरकडून आलेले पाहुणे लेवा बोलीत हाक मारतात. त्यामुळे भुरीला एकाच गोष्टीसाठी तीन तीन शब्द ऐकावे लागत आणि ती जागीच उभी राही. शेवटी “थांब”, “पायरी” आणि “हळू” हे तीनच शब्द ठरवले आणि ते सर्वांनी त्याच सुरात उच्चारायचे असा नियम केला. “थांब” हा शब्द सर्वांत आधी शिकवावा: दोरी हातात असताना शब्द उच्चारावा, कुत्रा थांबताच खाऊ द्यावा, आणि हे रोज दहा-पंधरा वेळा करावे. पुढे हाच शब्द त्याला विहिरीच्या काठावरून मागे आणणारा असतो. स्पर्श करण्यापूर्वी नेहमी नाव घ्यावे, विशेषतः तो झोपलेला असताना. घरात दुसरा कुत्रा असेल तर पोळ्याला बैलांच्या माळेतून सुटलेले एखादे घुंगरू त्याच्या पट्ट्याला बांधावे. आंधळा त्याच्या मागोमाग चालू लागतो.

धडका फार होत असतील तर डोक्याभोवती कडे बसवता येते. विकतचे मिळते, पण केळीच्या बागेतून निघालेल्या ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर नळीचे कडे हलके आणि लवचीक होते. नळीचा अर्धगोल नाकाच्या चार बोटे पुढे येईल असा वाकवून तो छातीच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधावा, गळ्याच्या पट्ट्याला बांधू नये. नळीची कापलेली टोके कापड गुंडाळून झाकावीत. घरात कोणी नसताना कडे काढून ठेवावे, अन्यथा ते खाटेच्या पायात अडकते.

घर हलते तेव्हा

दिवाळीनंतर कापूस येतो आणि भाव चढेल या आशेवर तो कित्येकदा फाल्गुनापर्यंत खोलीत राहतो. मग एके दिवशी गाडी येते, खोली रिकामी होते आणि कुत्र्याने तीन महिने पाठ केलेली मऊ भिंत नाहीशी होते. उन्हाळ्यात खाटा अंगणात निघतात, त्यांवर पापड-कुरडया आणि बिबडे वाळतात, पडवीत मोटारसायकल उभी राहते, कांदा येतो. या बदलांना उपाय नाही असे नाही. मोठी वस्तू हलवण्याच्या दिवशी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत बांधावे. काम झाल्यावर त्याला दोरीने धरून डोणीपासून सुरुवात करीत नव्या मांडणीभोवती हळूहळू तीन फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक नव्या वस्तूपाशी थांबून त्याला ती हुंगू द्यावी. एवढे केले की दुसऱ्या दिवशी तो क्वचितच धडकतो. खाटा मात्र रोज त्याच जागी, त्याच दिशेने घालाव्यात. आमच्या वडिलांना हे पटायला एक उन्हाळा लागला.

अंगणातील पऱ्हाटीची रास हा वेगळाच धोका आहे. कपाशीच्या वाळलेल्या खोडांची टोके कुत्र्याच्या चेहऱ्याच्या उंचीला येतात आणि न दिसणारा डोळाही त्याला जखम झाल्यावर तितकाच दुखतो. रास भिंतीला लावून रचावी आणि तिच्यापुढे जुने साडीचे किंवा शेतजाळीचे कुंपण उभे करावे. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, किंवा गच्चीवर जाणाऱ्या जिन्याला तळाशी फळी हवी; कठडा नसलेल्या धाब्यावर अंध कुत्र्याने कधीच जाऊ नये. दोन-तीन पायऱ्यांचा ओटा असेल तर चढणे तो दोन दिवसांत शिकतो, उतरणे शिकायला आठवडा लागतो. उतरताना आपण एक पायरी खाली, त्याच्या पुढे उभे राहावे.

शेतात आणि उन्हात

मळ्यात त्याला मोकळे सोडू नये. कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिक अंथरलेले शेततळे यांपैकी शेततळे अधिक घातक ठरते, कारण पोहता येणाऱ्या कुत्र्यालाही त्या निसरड्या कागदावरून वर येता येत नाही. रानडुकरांसाठी लावलेली झटक्याची तार, फवारणीनंतरची कपाशी आणि उंदरांसाठी ठेवलेले विष हेही लक्षात ठेवावे. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. तिथे रात्री कोणताच कुत्रा बाहेर बांधू नये, आणि ज्याला पळण्याची दिशा दिसत नाही तो तर मुळीच नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. फिरणे सूर्योदयापूर्वी आणि रात्री जेवणानंतर ठेवावे. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्या पावलांना पोळतो. दुपारी पाण्याची डोणी सावलीत हवी म्हणून लोक ती उन्हाबरोबर सरकवत राहतात, आणि खूणगाठच हरवते. त्याऐवजी दिवसभर सावली राहील अशी जागा आधीच निवडावी. कुत्रा फार धापा टाकू लागला, लाळ घट्ट झाली किंवा तो लडखडला, तर साध्या पाण्याने अंग, विशेषतः पोट आणि पाय भिजवून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

आहाराविषयी फार सांगण्यासारखे नाही. तो कमी पळतो म्हणून लवकर जाडावतो. ज्वारीची भाकरी, अंडे, उकडलेले मांस चालते. शेवभाजी, भरीत असे कांदा-लसणाचे काहीही नको, द्राक्षे आणि मनुकाही नकोत.

सणांत कानबाईच्या मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके हे दोन दिवस कठीण जातात. आवाज सुरू होण्यापूर्वीच त्याला आतल्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणावर न्यावे, पंखा लावावा आणि घरातील एकाने जवळ बसावे. पाहुण्यांना दारातच सांगावे: आधी हाक मारा, मग हात पुढे करा, त्याने हात हुंगला की मानेला स्पर्श करा, डोक्यावरून नको. गळ्यातल्या पट्टीवर ‘अंध आहे’ एवढे शब्द आणि घरचा भ्रमणध्वनी क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा, आणि पावसाळा संपला की तो क्रमांक अजून वाचता येतो का, हे एकदा पाहावे.