बिनअंड्याचं ऑम्लेट आणि बाथ, घरात आणि ट्रेकवर

अंडं बंद झालं की आधी बघा, त्या पदार्थात ते काय काम करत होतं. बाथ या गोव्याच्या केकमध्ये ते रवा-खोबरं बांधून धरतं आणि फुगायलाही मदत करतं. रस-ऑम्लेटमध्ये, म्हणजे वर रस्सा ओतलेल्या ऑम्लेटमध्ये, तर अंडंच खायचं असतं. ही सगळी कामं सारखीच चोख करणारी एक पूड नाही. दुकानातलं पाकीट घेताना घटक वाचा: ‘अंड्याची पावडर’ म्हणजे अंडंच, अ‍ॅलर्जी असलेल्याला ती चालत नाही.

ऑम्लेटला बेसनासारखं दुसरं काही नाही. एका माणसाला, म्हणजे दोन अंड्यांच्या जागी, 45 ग्रॅम बेसन, 10 ग्रॅम तांदळाचं पीठ, 1 चमचा (5 मिली) जवसाची पूड, चिमूटभर हळद, मिरपूड आणि अगदी थोडं मीठ. बेसन मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. कच्चा वास गेला की उतरवा. लाल झालेलं बेसन नीट बांधून धरत नाही. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा आधीच दमट, त्यात कोमट पीठ बंद केलं तर आत घाम सुटतो आणि सकाळी हाताला गोळे लागतात. जवस दळल्यावर लवकर खवट होतो, म्हणून हे मिश्रण निघायच्या आदल्या दिवशीच करा. बेकिंग पावडर घालू नका: दमटपणाने ती वाटेतच मरते, आणि पातळ ऑम्लेटला तिची गरजही नाही.

पाव चमचा काळं मीठ वेगळ्या पुडीत न्या. त्याचा अंड्यासारखा वास गंधकाचा असतो आणि तापवला की उडतो. ते ऑम्लेट ताटात आल्यावरच भुरभुरा.

मुक्कामावर पिशवीतच 100 ते 110 मिली पाणी आणि 1 चमचा तेल घालून बाहेरून चोळा, दहा मिनिटं ठेवा. बेसन आणि जवस पाणी पितात, तोवर धीर धरा. कांदा घालायचा तर अगदी बारीक. जाड तुकड्यापाशीच ऑम्लेट फाटतं. ट्रेकचा तवा पातळ, ज्योत मधोमध, त्यामुळे मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा दर अर्ध्या मिनिटाला सरकवत फिरवा, वर झाकण ठेवा. वरची चकाकी गेली आणि कडा सुटली की उलटा, साधारण तीन-चार मिनिटांनी. घाई केली की तुटलंच. आतून कच्चं बेसन कडवट लागतं, म्हणून जाड ओतू नका.

गोव्यातल्या मोले, नेत्रावळीच्या अभयारण्यात विस्तव करू नका. गावातल्या मुक्कामाच्या जागीच शिजवा.

घरी यावर काबुली चण्यांच्या शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या गोवन रश्श्याचा) रस ओता, सोबत पाव. चणे मीठ न घालता उकडा आणि ते पाणी टाकू नका. अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाटसर होईपर्यंत आटवा, गार करा. असं 2 टेबलस्पून पाणी एका अंड्याच्या पांढऱ्याच्या जागी चालतं. लिंबाचे दोन थेंब घालून आठ-दहा मिनिटं फेटलं की फेस उभा राहतो. भांड्याला तेलाचा थेंब असेल तर राहत नाही.

बाथसाठी एका अंड्याला 1 टेबलस्पून जवसाची पूड आणि 3 टेबलस्पून पाणी, पंधरा मिनिटं भिजवून चिकट झाल्यावर. दोन अंड्यांपर्यंत हे उत्तम. तीन-चार अंड्यांची जागा जवसाने भरायला गेलात तर बाथ गिच्च होतो. फुगण्यासाठी पाव चमचा सोडा आणि 1 टेबलस्पून माडाचं व्हिनेगर. सोडा वाढवला तर साबणासारखी चव येते. रवा रात्रभर भिजवायचा असेल तर सोडा-व्हिनेगर सकाळी, साचा ओव्हनमध्ये जाण्याच्या क्षणी. बेबिंक, म्हणजे थरांचा गोवन गोड पदार्थ, मात्र या वाटेने करू नये. त्याचे थर पिवळ्या बलकावरच उभे असतात.

चण्याची अ‍ॅलर्जीही असते. पाहुण्याला बेसन वाढण्याआधी विचारा, आणि अंडं तळलेला तवा घासल्याशिवाय वापरू नका.