स्लॅब टाकण्याच्या दिवसाची तयारी

स्लॅबचे काम चांगले होणार की त्यात उणीव राहणार, हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच ठरलेले असते. सिमेंटला पाणी लागले की घट्ट होण्याची क्रिया सुरू होते आणि ती कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे विसरलेली वस्तू आणायला माणूस धाडण्याइतकी उसंत त्या दिवशी मिळत नाही. म्हणून पुढील यादी आदल्या दुपारीच हाती घ्यावी आणि प्रत्येक बाब केवळ मिस्त्रींना विचारून न सोडता स्वतः पाहून तपासावी.

सुरुवात खालून करावी. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन असते, म्हणजे 125 मिमी जाडीच्या स्लॅबचे दर चौरस मीटरला तीनशे किलोहून अधिक वजन सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबला खालून धरणाऱ्या तात्पुरत्या साच्यावर व टेकूंवर, येते. त्यावर माणसे आणि यंत्रे वेगळी. सेंटरिंगखाली शिरून प्रत्येक टेकू दोन्ही हातांनी हलवून पाहावा. जो डुगडुगतो तो भार घेणार नाही, आणि त्याच्या वाटणीचा भार शेजारच्यावर जाईल. टेकू ओळंब्यात आहेत का, त्यांच्या बुडाशी सलग फळी आहे का, कोणी विटेचा तुकडा सारून उंची भागवली आहे का, आडवे-तिरपे बंध पुरेसे आहेत का, हे बघावे. खालची जमीन ताज्या भरावाची असेल तर भराव नीट दाबलेला असल्याची खात्री होईपर्यंत काम पुढे नेऊ नये.

सेंटरिंगच्या प्लेटांचे सांधे बंद करावेत, कारण तिथून सिमेंटचा रस गळून गेला की खाली खडी उघडी पडते. प्लेटांना तेल सळई बांधण्यापूर्वीच लावलेले असावे. नंतर लावलेले तेल सळईला लागून काँक्रीटची पकड कमी करते. बाइंडिंग वायरचे तुकडे, खिळे आणि लाकडाचा भुसा झाडून काढावा, नाहीतर तेच तुकडे पुढे छताच्या पोटाशी गंजून तांबडे डाग पाडतात.

सळईच्या तपासणीला मात्र भरपूर वेळ द्यावा. व्यास, अंतर आणि लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर येणारी लांबी) नकाशाप्रमाणे मोजावेत, सळई प्लेटपासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक जागच्या जागी आहेत ना ते पाहावे, आणि मग लक्ष वरच्या सळईकडे वळवावे. बाल्कनीत किंवा छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. काम करणाऱ्यांच्या पायाखाली ती दबून खाली गेली, तर स्लॅबमध्ये लोखंड असूनही नसल्यासारखेच होते. वरून काँक्रीट सपाट झाल्यावर ही चूक कोणालाच दिसत नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटते. म्हणून वरच्या सळईला खालून आधार देणाऱ्या चेअर (वाकवलेल्या सळईच्या घोड्या) पुरेशा व घट्ट बांधलेल्या असाव्यात, ये-जा करण्यासाठी सळईवर टेकणार नाहीत अशा फळ्या टाकाव्यात, आणि काम चालू असताना दबलेली सळई उचलून पुन्हा बांधण्यासाठी एक फिटर, म्हणजे सळई बांधणारा कारागीर, स्लॅबवरच ठेवावा. विजेचे पाइप, पंख्याचे बॉक्स आणि प्लंबिंगच्या जागा त्या त्या कारागिरांकडून तपासून घ्याव्यात व बॉक्सची तोंडे गच्च भरावीत.

यंत्रांमध्ये काँक्रीट हलवून दाट बसवणारे व्हायब्रेटर दोन असावेत, त्यांच्या काँक्रीटमध्ये बुडवायच्या नीडल तीन, आणि सर्व आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष चालवून पाहिलेली. एकदा माझ्या कामावर अर्ध्या स्लॅबला नीडल बंद पडली. जादा नीडल होती, पण ती कुलूपबंद स्टोअरमध्ये, आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे. जो वेळ गेला तेवढ्यात टाकलेला माल, म्हणजे काँक्रीट, आवळून घट्ट झाला, जुन्या-नव्या मालाचा सांधा राहिला आणि पहिल्याच पावसात नेमकी त्या रेषेतून गळती सुरू झाली. तेव्हापासून किल्ली कोणाकडे आहे हाही माझ्या यादीतला एक प्रश्न आहे. जनरेटरचे डिझेल, काम लांबल्यास लागणारे दिवे आणि पावसासाठी प्लास्टिकचे कागद यांची सोयही तेव्हाच पाहावी.

मालाचा हिशोब लेखी असावा. रेडीमिक्स (कारखान्यातून तयार होऊन गाडीने येणारे काँक्रीट) येणार असेल तर गाड्यांमधले अंतर आधी ठरवावे आणि शेवटची गाडी उरलेली जागा टेपने मोजूनच मागवावी. माल घट्ट वाटतो म्हणून कोणीही गाडीत पाणी ओतणार नाही, हे सकाळी सर्वांसमोर सांगावे. जादा पाण्याने माल पसरतो सहज, पण मजबुती घटते. स्लंप, म्हणजे मालाचा पातळपणा, तपासण्याचा शंकू आणि मजबुतीच्या चाचणीसाठीच्या ठोकळ्यांचे, म्हणजे क्यूबचे, 150 मिमीचे साचे तेल लावून तयार ठेवावेत.

माणसांची तयारी कागदावर लहान दिसली तरी ती मागे ढकलू नये. हेल्मेट आणि गमबूट सर्वांना मिळावेत, आणि कडेला काम करणाऱ्यांचा सेफ्टी बेल्ट भक्कम जागी अडकवलेला असावा. ओले काँक्रीट त्वचा भाजते, म्हणून हातमोजे व धुण्यासाठी स्वच्छ पाणी जवळ असावे. पिण्याचे पाणी स्लॅबवर पोहोचवावे, म्हणजे तहानलेला माणूस काम उरकण्याची घाई करणार नाही. सेंटरिंगवर नजर ठेवणाऱ्या अनुभवी सुताराने बाहेरून, सुरक्षित अंतरावरून पाहावे. माल पडत असताना खाली कोणीही जाऊ नये, आणि काम थांबवण्याचा इशारा सर्वांना आधीच माहीत असावा.

क्युरिंगची, म्हणजे स्लॅब ओला ठेवण्याची, गोणपाटे, पाण्याचा पाइप आणि त्याला पुरेसा दाब हे स्लॅब टाकण्याआधीच पाहून ठेवावे, कारण त्या रात्री सर्वजण दमलेले असतात आणि कोरडा वारा असेल तर पृष्ठभाग काही तासांतच तडकू लागतो. किमान सात दिवस पाणी कोण मारणार, त्याचे नाव आदल्या दिवशीच वहीत लिहावे. क्यूब दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून, त्यांवर तारीख व स्लॅबचा भाग लिहून पाण्यात ठेवावेत. 7 आणि 28 दिवसांच्या चाचणीसाठी ते कोण नेणार, हेही त्याच वहीत असावे.