बिअर्डेड ड्रॅगनची पेटी आणि ठाण्याचा पावसाळा

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला सरडा, आणि ठाण्यात जुलैमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. म्हणून त्याला पाळायला पेटी घेताना आधी हवेचं बघा. पुढून उघडणारी, वर जाळी असलेली घ्या. माशांच्या जुन्या टाकीत दमट हवा कोंडते. पूर्ण वाढ झालेल्याला ४ बाय २ बाय २ फूट जागा हवीच. एका टोकाला दिव्याखालचा दगड ४० अंशांपर्यंत तापू दे, दुसरं टोक २७च्या आसपास. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी दिव्याची नळी, वेगळी लावा. खिडकीतलं ऊन पुरतं म्हणणारे भेटतील, पण काच ते किरण अडवते. पाण्याची वाटी गार टोकाला. आमची दिव्याखाली होती. सकाळी काचेवर चक्क दव!