बेसमेंट मेम्ब्रेनचा अभ्यास: सीमाभागातून एमबीबीएसला येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत दहावी आणि नंतर विज्ञान शाखेतून पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) करून एमबीबीएसला आलेल्या विद्यार्थ्याला हिस्टॉलॉजीच्या (ऊतकशास्त्राच्या) पहिल्याच काही तासिकांत एपिथेलियमखाली, म्हणजे अवयवांना आच्छादणाऱ्या पेशींच्या थराखाली, एक रेघ काढून तिला ‘बेसमेंट मेम्ब्रेन’ (पेशींखालचे पातळ आधारपटल) असे नाव द्यायला सांगितले जाते. मीही याच वाटेने आलो. ही रेघ परीक्षेपुरती पाठ करून सोडू नये, कारण मूत्रपिंड, त्वचा आणि कर्करोग शिकताना तिच्यातील एकेक प्रथिन पुन्हा समोर येते.

नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) रंगातील स्लाइडवर हे पटल बहुतेक ठिकाणी वेगळे ओळखू येत नाही, त्यामुळे ‘दिसत नाही’ म्हणून खट्टू होऊ नये. श्वासनलिकेच्या स्लाइडवर ते जाड असल्याने सापडते. पीएएस (पिरिऑडिक ॲसिड-शिफ) रंगात ते किरमिजी आणि सिल्व्हर रंगात काळे उठून दिसते. मूत्रपिंडाची पीएएस स्लाइड मागून घेऊन पाहावी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पटलात दिसणारा ‘लॅमिना ल्युसिडा’ हा फिकट थर ऊतक निर्जल करताना निर्माण होत असावा असे अनेक अभ्यासक मानतात, तरी उत्तरपत्रिकेत तो लिहावाच लागतो.

रचनेत चार नावे पक्की करावीत. पेशींच्या पृष्ठभागावर इंटेग्रिनसारख्या ग्राहक-प्रथिनांना (रिसेप्टर) धरून लॅमिनिनचे जाळे तयार होते, टाइप ४ कोलॅजेनचे दुसरे जाळे पटलाला बळकटी देते आणि निडोजेन व परलेकन ही दोन्ही जाळी एकमेकांशी बांधून ठेवतात. पेशींना आधार देणे, दोन ऊतके वेगळी राखणे, गाळणे आणि जखम भरताना नव्या पेशींना वाट दाखवणे ही कामे या बांधणीतूनच होतात.

माझ्या मते खरा वेळ टाइप ४ कोलॅजेनला द्यावा. त्याच्या अल्फा साखळ्या सहा असून तीन-तीन एकत्र विणल्या जातात. अल्फा १ आणि २ यांची जोडणी जवळपास सर्वत्र आढळते, परंतु प्रौढ माणसाच्या ग्लोमेरुलसमध्ये (मूत्रपिंडातील रक्त गाळणारा केशिकांचा गुच्छ), आंतरकर्णात आणि डोळ्यात अल्फा ३, ४ आणि ५ यांची जोडणी महत्त्वाची असते. एवढे समजले की अल्पोर्ट सिंड्रोम या आनुवंशिक आजारात लघवीतून रक्त जाणे, ऐकू कमी येणे आणि भिंगाचा दोष ही वरवर असंबद्ध लक्षणे एकत्र का येतात, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. बहुसंख्य रुग्णांत दोष अल्फा ५ च्या जनुकात असतो. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलग्यांमध्ये आजार अधिक तीव्र होतो. गुडपाश्चर आजारात शरीराचीच प्रतिपिंडे अल्फा ३ साखळीच्या टोकावर हल्ला करतात; ही साखळी फुफ्फुसाच्या पटलातही असते, म्हणून मूत्रपिंडाबरोबर फुफ्फुसातूनही रक्तस्राव होतो, आणि इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीत) पटलाच्या कडेने सलग रेषा दिसते. मधुमेहात मात्र हेच पटल जाड होते आणि तरीही त्यातून प्रथिने गळू लागतात. जाड गाळणी अधिक का गळते, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा.

त्वचेवर फोड आणणाऱ्या दोन आजारांबाबत थोडक्यात: पेम्फिगसचा फोड एपिडर्मिसच्या (त्वचेच्या बाहेरील थराच्या) आत येतो म्हणून सैल असतो, तर बुलस पेम्फिगॉइडचा फोड पटलाच्या पातळीवर येतो म्हणून ताठ असतो.

निपाणीच्या तंबाखू पट्ट्यामुळे तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांविषयी आपल्या भागातील रुग्ण मराठीत आणि कन्नडमध्येही विचारतात. बायोप्सीच्या अहवालात ‘कार्सिनोमा इन सिटू’ असेल, तर विकृत पेशींनी पटल ओलांडलेले नसते. ओलांडले की तो आक्रमक कर्करोग ठरतो आणि उपचारांची दिशा बदलते. हे दोन्ही भाषांत साध्या वाक्यांत सांगण्याचा सराव पहिल्या वर्षापासूनच करावा.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा एक प्रश्न म्हणजे ग्लोमेरुलसचे पटल कोण तयार करते. उत्तर देताना केवळ पोडोसाइट (केशिकांना बाहेरून वेढणाऱ्या पेशी) म्हणून थांबू नये. एंडोथेलियमच्या, म्हणजे केशिकांच्या आतील अस्तराच्या, पेशीही त्यात भर घालतात.